चमच्याच्या तळाशी

शिंदखेड्याची शिल्पा धुळ्यात माझ्याकडे औषधनिर्माणशास्त्रात संशोधन करते. तिची आई द्रौपदाबाई अंगणवाडीत मदतनीस आहे. लहान मुलांना गोळी कुटून पाण्यातून दिली की बरीचशी पूड चमच्यालाच चिकटून राहायची. "अर्धं औषध चमचानीच खादं!" असं आई घरी येऊन चिडायची. म्हणून शिल्पाला पाण्यात झटकन विरघळणारी पूड करायची होती.

कृती मी समजावली होती. औषधाचं द्रावण गोठवायचं, मग यंत्रातली हवा काढून घ्यायची. बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते आणि मागे जाळीदार, हलकी पूड उरते. फक्त घाई करायची नाही. पण वाळवण म्हटलं की खानदेशी माणसाला ऊनच आठवतं. शिल्पाबाईसाहेबांनी यंत्राची उष्णता वाढवली, बर्फ वितळला आणि बाटलीत कुरडयांच्या चिकासारखा गोळा उरला.

मी जाम भडकलो. ती म्हणाली, "सर, थोडं ऊन दाखवलं फक्त."

दुसऱ्या खेपेला तिने बटणाला हात लावला नाही. नुसत्या येरझारा घातल्या.

काल तिने आईला प्रयोगशाळेत बोलावलं. चमचाभर पाण्यात चिमूटभर पूड टाकली, ती ढवळायच्या आधीच दिसेनाशी झाली. द्रौपदाबाईंनी चमचा उपडा केला, उजेडात धरला, तळाशी बोटही फिरवलं. मग लेकीकडे पाहून हसल्या.

"आज चमचा बिचारा उपाशी ऱ्हायना."