घरजावयाचं लिव्हर

मी देऊळघाटला घरजावई आहे. लोकांना वाटतं, मजा आहे याची. कसली मजा! लग्नाला इतकी वर्षं झाली तरी या घरात मी पाहुणाच. सासरे इकडची काडी तिकडे करू देत नाहीत. वांग्याच्या वावरात गेलो की बांधावर खाट टाकून देतात. ताटातली पोळी संपायच्या आत दुसरी पडते, वर तूप. मी जेवून उठेपर्यंत सासूबाई घास तोंडात घालत नाहीत, त्यामुळे जेवण नको म्हणायची सोय नाही. जीव कोंडतो माझा.

मग बुलढाण्याला सोनोग्राफी झाली. फॅटी लिव्हर. लिव्हर म्हटलं की गाव दारूच धरतं, आणि मी तर सुपारीसुद्धा खात नाही. "खाणं कमी करा, घाम गाळा," डॉक्टर म्हणाले. सोबत सासरे होते. त्यांनी विचारलं, "भुईआवळीचा रस चालते काय?"

"अशा वनस्पतींच्या अर्कांवर संशोधन चालू आहे. उंदरांवर बरं दिसलंय, माणसांचं अजून पक्कं नाही. सध्या नकोच."

सासऱ्यांनी त्यातले उंदीर तेवढे घरी आणले. "उंदीर बरा होते, त जवाईबापू काऊन नाही होनार?" दुसऱ्या सकाळपासून वांग्याच्या ओळींतली भुईआवळी उपटून, वाटून, गाळून रस सुरू. पेला संपेपर्यंत समोर उभे. तोंड कडू होऊ नये म्हणून वर गुळाचा खडा. मग जेवण, नेहमीसारखंच. असा संताप यायचा! पण त्यांची माती भरलेली नखं दिसली की रसाबरोबर तोही गिळायचो.

पुढची तपासणी आणखी वाईट निघाली. डॉक्टर माझ्यावरच चिडले, रस आधी बंद करा म्हणाले. घरी आल्यावर ताट वाढायच्या आधीच मी बोललो.

"मामाजी, रस नको, तूपही नको. मले वावरात राबू द्या."

सासरे मटकन खाली बसले. "तुमच्या बापाले जबान देल्ली होती मी. पोरगं देऊन राह्यला, त्याले गडी समजनार नाही म्हून. आता तोही नाही राह्यला. जबान मोडू काय, कोनाले विचारू?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खरं सांगा जवाईबापू, मीच मारून राह्यलो काय तुम्हाले?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. इकडे आड, तिकडे विहीर. सासूबाई दारात उभ्या होत्या, सकाळपासून उपाशी.

"नाही मामाजी," मी म्हटलं, आणि ताटावर बसलो.