मेदे म्हणजे मैदा नव्हे

मी पुसेगावात एकदा फ्रेंच भाषेत मदत मागितली होती. मला मैदा मिळाला.

आता सविस्तर सांगतो. मी सेनगावला शाळेत इंग्रजी शिकवतो. (शिकवतो, असं माझं म्हणणं. पोरांचं मत वेगळं आहे.) माझा थोरला भाऊ, आमचा दादा, पुसेगावला शेती करतो. त्याची पोरगी ऋतुजा बारावी झाली आणि तिच्या मनानं घेतलं की पुण्याला जाऊन फ्रेंच शिकायचं. प्रवेशही मिळाला. घोडं अडलं ते दादापाशी.

"पुसेगावात कोण फ्रेंच बोलते?" दादा विचारायचा. शेवटी तिचा मला फोन आला. "काका, तुमीच समजावा बाबाला. सोमवारी न्हाई गेले तर जागा जाईल माझी." लेकरू रडकुंडीला आलं होतं. माझ्यातला मास्तर जागा झाला. हे आमच्या घराण्यात कधीच शुभ ठरलेलं नाही!

रविवारी निघालो. निघताना वहिनीचा फोन. "भाऊजी, जवळा बाजारचे व्याही जेवायला येऊन राहिले. पुरणपोळी करायची हाय, येताना मैदा आणा बरं."

"आणतो!" म्हणालो. मग रस्ताभर फ्रेंच शब्दांची उजळणी करत गेलो आणि मैदा साफ विसरलो.

ओसरीवर दादा आणि व्याही चहा पीत होते. व्याही म्हणजे दादाच्या थोरल्या पोराचे सासरे. अंगानं धिप्पाड, मिशा झुपकेदार, बोलणं जवळजवळ नाहीच. मी बशीतलं बिस्किट उचलून वर धरलं.

"दादा, हे काय हाय?"

"बिस्किट. दिसंना झालं का तुला?"

"हा मूळचा फ्रेंच शब्द हाय! म्हणजे दोनदा भाजलेलं. तिकीट, डेपो, गॅरेज, बजेट, सगळे फ्रेंचातून इंग्रजीत आले अन् इंग्रजीतून आपल्याकडं. तू तिकीट काढून डेपोत उतरतो ना? म्हणजे तू बी फ्रेंच बोलून राहिला!"

दादानं हातातलं बिस्किट उलटंसुलटं करून पाहिलं आणि चहात बुडवलं.

"अन् कर्फ्यू? त्याचा मूळ अर्थ, विस्तव झाका!"

"ते तर तुझी वहिनी रोज झाकते. तिला कोण शिकवलं फ्रेंच?"

"बरं, माझी ही डेनिमची पँट? 'द नीम'! नीम म्हणून फ्रान्सात शहर हाय, तिथलं कापड."

"नीम? म्हणजे लिंबाचं झाड?" दादाला पहिल्यांदाच गोडी वाटली. "मंग डास चावत न्हाईत का ह्यात?"

हुकमाचा एक्का मी राखून ठेवला होता. विमान संकटात सापडलं की पायलट 'मेडे, मेडे' ओरडतो, ते मूळचं फ्रेंच 'मेदे'. म्हणजे, मला मदत करा! आता एक्का टाकणार, तेवढ्यात पोटात कळ आली. मला उठावं लागलं. (टॉयलेट हाही फ्रेंचच शब्द. मूळ अर्थ, छोटंसं कापड. पण व्याह्यांसमोर हा विषय काढायची छाती झाली नाही.)

संडास आंगणाच्या कोपऱ्यात. वहिनी घरातल्या सगळ्यांना बजावायची, "कडी लावू नका, नुसतं दार लोटा." पण ओसरीवर व्याही बसलेले! मी कडी लावली. ती जी लागली, ती लागलीच.

ओढून पाहिली. ठोकून पाहिली. हातापाया पडायचं तेवढं बाकी राहिलं. 'मी संडासात अडकलो' असं व्याह्यांच्या देखत ओरडायचं म्हणजे इज्जतीचा पंचनामा! मग सुचलं. ऋतुजा मोबाईलवर थोडंफार फ्रेंच शिकलीय. तिला एकटीला कळेल, बाकी कोणाला पत्ता लागणार नाही. वा रे मी! झरोक्याला तोंड लावून ओरडलो, "मेदे! मेदे!"

"मैदा?" वहिनीचा आवाज आला. "मैदा तर तुमीच आणणार होता ना, भाऊजी?"

"मेदेऽऽ!"

"अवो, ऐकलं का? भाऊजी आत बसून मैदा मागून राहिले!"

"आत? आत मैदा काहून लागते?" दादा.

आणि व्याही बोलले! "जुलाब असतील. आमच्याकडं मैदा ताकात कालवून पाजतेत."

मी घाईघाईनं मराठीवर आलो. "मैदा नको! कडी! कडी!"

"कढी बी केली हाय," वहिनी कळवळून म्हणाली, "पण असल्या पोटावर कढी नका खाऊ, भाऊजी!"

शेजारून मैदा आला. दादा बादली पालथी घालून तिच्यावर चढला आणि ताटली झरोक्यातून आत सरकवली. भाऊ तो भाऊच, चेहरा काळजीनं एवढासा झालेला. "धर रे. लई तकलीफ होऊन राहिली का?"

"दादा, अरे कडी..." मी म्हणतोय, तोच बादली घसरली. दादा तिकडं खाली, मैदा इकडं माझ्यावर.

मग बाहेरून खडखड ऐकू आली. ऋतुजानं पेचकसानं दाराच्या बिजागऱ्याच खोलल्या. दार निघालं आणि मी बाहेर आलो, डोक्यापासून पायापर्यंत पांढराफेक. व्याही उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. (कोणाला, ते मी विचारलं नाही.)

"काका मैदा न्हाई मागत होते," ऋतुजा म्हणाली. "मेदे म्हणत होते. फ्रेंच हाय ते, मला मदत करा म्हणून."

व्याह्यांनी मिशीवरून हात फिरवला. "एवढी माणसं इथं, एकाला उमगलं न्हाई. लेकीला उमगलं. पाठवा तिला, पाव्हणे."

व्याह्यांचा शब्द कोण मोडणार? दादा कंबर चोळत माझ्याकडं बघत राहिला. "जाय, बेटा," तो म्हणाला. "पुसेगावात कोण फ्रेंच बोलते म्हणत होतो मी. हे येडं बोलून राहिलं! समजणारं कोणीतरी पाहिजेच घरात."

पोरगी बापाच्या गळ्यात पडली. मलाही भरून आलं आणि गालावरचा मैदा भिजला.

सोमवारी सेनगावच्या स्टँडवर तिला बसवून द्यायला गेलो. छाती जरा फुगलेलीच होती. "काय ऋतू, माझं फ्रेंच बराबर कळलं ना तुला?"

ती खिडकीतून खाली वाकली. "काका, बाबाला सांगू नका. फ्रेंचात कोणी मदत मागताना नुसतं मेदे म्हणत न्हाई, 'एदे-म्वा' म्हणतेत. अन् मला बी मैदाच ऐकू आला होता."

"मग तुला कळलं कसं?"

"तुमी कडी म्हणाले तवा उमगलं, मेदे मागून जुळवलं बाबासाठी. मागल्या आठवड्यात मी बी अडकले होते की त्याच कडीत. आई लगेच आली धावत."

"लगेच? तू ओरडलीस तरी काय?"

"आईऽऽ, दार उघड!"