डाळमिलचा फोन

आईला लिहितावाचता येत नाही, पण लातूरच्या एका डाळमिलचा पाच आकडी फोन नंबर तिला अजून तोंडपाठ आहे. वडील त्या मिलमध्ये हमालांवर देखरेख करायचे आणि आम्ही नांदेडला राहायचो. अडीनडीला लागेल म्हणून त्यांनीच तो तिच्याकडून घोकून घेतला होता.

तिनं तो एकदाच लावला. माझी धाकटी बहीण तापानं फणफणली होती, दवाखान्यात ठेवली होती. सकाळीच आईनं समोरच्या एसटीडी बूथवरून फोन केला. मालकानं स्वतः उचलला. तो इथंच आहे, सांगतो, असं म्हणाला. बहीण संध्याकाळपर्यंत बापाची वाट बघत होती, मग गेली. वडील दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा तिला पुरून सगळे घरी परतले होते.

“उशिरा कळलं,” एवढंच ते म्हणाले.

आईनं ते कधीच खरं मानलं नाही. पाहुण्यांच्या पंगतीत ती मुद्दाम सांगायची, “लेक मरून राहिली होती, अन् हे तिकडं डाळीची पोती मोजून राहिले होते.” वडील मान खाली घालून जेवत राहायचे. म्हातारपणी दोघं एका खोलीत राहायची, पण ती त्यांना पाणीसुद्धा माझ्या बायकोच्या हातून पाठवायची.

गेल्या वर्षी वडील वारले. पुढं माझी बदली लातूरला झाली, बायको आईजवळ नांदेडलाच राहणार होती. निघताना आई म्हणाली, ज्यानं फोन उचलला होता त्याला गाठ, त्या दिवशी हे नेमकं काय करत होते ते विचार.

मिलचं नाव तिला माहीत नव्हतं. आता नंबर सहा आकडी झालेत म्हणून आधी दोनचा आकडा लावून बघितला, तो अस्तित्वातच नव्हता. टेलिफोनच्या ऑफिसात चौकशी केली. इतकं जुनं आता काही शिल्लक नाही, पण या आकड्यांनी सुरू होणारे नंबर जुन्या मोंढ्याकडचे, म्हणजे धान्यबाजाराकडचे असायचे, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मग सुट्टीच्या दिवशी मी मोंढ्यात दुकानांवरच्या जुन्या पाट्या वाचत फिरायला लागलो. तिसऱ्या रविवारी एका पडक्या गोदामाच्या भिंतीवर उडालेल्या निळ्या रंगात तो नंबर दिसला. खाली मिलचं नाव होतं. मालक मागच्याच घरात राहतात, असं पानवाल्यानं सांगितलं.

मालक खूप म्हातारे झाले होते, पण वडिलांचं नाव घेताच त्यांना ओळख पटली. मला आग्रहानं खुर्चीवर बसवलं. मी त्या फोनबद्दल विचारलं.

“हाव, आला होता की. मीच उचलला,” ते म्हणाले. “पण गाडी भरायची होती. पोरगी आजारी हाय म्हटल्यावर तो थांबला असता का? गाडी हलल्यावर सांगितलं.”

“तेव्हा किती वाजले होते?”

“दिवेलागण झाली असंल. शेवटची एसटी गेली म्हणून रडला लई. पण माणूस सोन्यासारखा. महिन्याभरात परत कामावर आला. कधी उलटून बोलला न्हाई.”

आतून चहा आला. ते मिल बंद कशी पडली ते सांगत राहिले. मी ऐकून घेतलं आणि उठलो.

त्याच आठवड्यात नांदेडला जाऊन मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, वडिलांच्या फोटोकडं तरी बघेल. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

“हे कळल्यावरबी ते त्याच माणसाकडं कामाला गेले?”

“हो. आपलं घर चालायचं होतं ना.”

“अन् मला सांगितलं न्हाई.”

“सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस का?”

तिनं पदर सोडला. मग विचारलं, “तू काय बोललास त्याला?”

“काही नाही.”

“चहा घेतलास?”

“घेतला.”

“बापावरच गेलास,” ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. एरवी मी आलो की आईच वाढायची, त्या दिवशी माझं ताट बायकोनं वाढलं.