कर घराला नको, जमिनीला

अबाजी वाकरूळकरांनी कोकणात लहानपणीच बापाला मार खाताना पाहिलं होतं. बापाने खोताच्या जमिनीत नारळ लावले, खांद्यावरून पाणी वाहून वाढवले. झाडं धरायला लागली तसा खोताने खंड वाढवला. बाप नाही म्हणाला. खोताच्या माणसांनी त्याला त्याच झाडांखाली काठ्यांनी फोडून काढला. त्याचा डावा हात नंतर कधी खांद्याच्या वर गेला नाही. मेहनत केली म्हणून शिक्षा, हे अबाजींच्या डोक्यात बसलं ते कायमचं.

पुढे मुंबईची गोदी झाली, तिथल्या हाणामाऱ्या झाल्या, आणि मग बाकीच्या बेने इस्राएल ज्यूंबरोबर इस्राएल. अश्केलोनला पाइपांच्या कारखान्यात ते मुकादम झाले. वस्तीने त्यांना कमिटीवर घेतलं. तिथे जुनंच दुखणं पुन्हा पुढे आलं. कुणी घराला खोली वाढवली की त्याचा कर वाढे. इमॅन्युएल नावाच्या व्यापाऱ्याने मात्र हमरस्त्यावरचे प्लॉट घेऊन, किंमत चढेपर्यंत ओसाड ठेवले होते. त्याला जवळपास काहीच पडत नसे. अबाजींनी ठराव मांडला: इरियाने, म्हणजे नगरपालिकेने, कर घरावर नव्हे, जमिनीच्या किमतीवर घ्यावा. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या खिडकीतून धोंडा आला आणि बायकोचं, डिनाचं, कपाळ फुटलं.

ठराव पास होणं न होणं मझलवर होतं. मझल अबाजींची धाकटी, विधवा बहीण, तीही कमिटीवर. तिचं बैठं घर त्याच हमरस्त्यावर, म्हणजे नव्या कराचा फटका तिलाही बसणार. सख्खी बहीणच नको म्हणाली असती, तर दुसऱ्या कुणी हात वर केला नसता.

त्र्याहत्तरच्या अरबांशी झालेल्या लढाईतून तिचा मुलगा अमनोन जिवंत परतला, म्हणून तिने वस्तीला बोलावून नवसाचा मलिदा केला. पोहे, खोबरं, फळं यांचं ताट मांडून एलियाहू हन्नाबीचं, नवसाला पावणाऱ्या प्रेषिताचं, नाव घेतलं गेलं. ते झालं आणि इमॅन्युएलने तोंड उघडलं.

"या, नवे खोत! मी घामाच्या पैशाने जमीन घेतली, अबाजी."

"मग घाम भिंतीत घाल, भिंतीवर कर नकोच म्हणतोय मी. रस्ता, नळ, बस तुझ्या घामाने आली होय रे?"

"मी कर भाडेकरूवर टाकीन."

"जास्त भाडं मिळत असतं तर आज सोडलं असतंस? आणि ओसाड प्लॉटवर तुझे भाडेकरू कोण, विंचू?"

लोक हसले. इमॅन्युएलने अबाजींची कॉलर धरली. अबाजींनी त्याला भिंतीवर आपटला. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली.

"खोत म्हणू नकोस मला! खोत घ्यायचा ते स्वतःच्या घरात भरायचा. हे वस्तीच्या शाळेत, गटारात जाईल."

"दादा, सोड त्याला," मझल मधे पडली. "मला सांग. जमीन महाग झाली यात माझं काय पाप? पेन्शनीत कर कुठून भरू?"

"तुझ्या जिवंतपणी तुला काही भरावं लागणार नाही, ठरावात तशी मुदत आहे. कर घरावर साचेल. घर विकलं जाईल तेव्हा त्या पैशातून कापून घेतील."

"म्हणजे माझ्या पैशातून!" अमनोन हिब्रूत ओरडला. लढाईवरून आल्यापासून तो लहानसहान गोष्टींवर भडकत असे.

इथे अबाजींना गोड बोलून वेळ मारून नेता आली असती.

"होय, तुझ्याच," ते म्हणाले. "किंमत रस्त्याने वाढवली, तू नाहीस."

नारळ खवलेली खवणी तिथेच होती. अमनोनने ती लाकडी पाटासकट उचलली आणि मामाच्या तोंडावर घातली. जबडा काडकन मोडला. पात्याने गाल कानापर्यंत फाडला. अबाजी मलिद्याच्या ताटावर कोसळले. पोहे लाल झाले. अमनोनने खवणी पुन्हा उगारली तेव्हा मझलने सरळ पात्यालाच हात घातला. बोटं हाडापर्यंत चिरली, पण तिने सोडलं नाही.

"मी अजून मेले नाही रे," ती म्हणाली, "आणि तू माझ्या घरावरून माणूस मारतोस?"

कमिटी बसली तेव्हा अबाजींचा जबडा तारांनी बांधलेला होता. त्यांना बोलता येत नव्हतं. इमॅन्युएलला विधवांचा फार कळवळा आला होता. मझल उठली.

"विधवा मी आहे. माझ्या नावाने तू गळा काढू नकोस. मला मरेपर्यंत मुदत मिळते, तेवढी पुरे."

तिने पट्टी बांधलेला हात वर केला. मग एकेक करून बाकीचे हात वर गेले, आणि ठराव इरियाकडे रवाना झाला.

अमनोन त्याआधीच घर सोडून दूर वाळवंटातल्या मित्स्पे रामोनला निघून गेला होता. सभा सुटल्यावर मझलने भावाला दारात अडवलं.

"तुझं खरं होतं, म्हणून हात वर केला, दादा. पण माझा मुलगा परत येईपर्यंत माझ्याकडे येऊ नकोस."

अबाजींनी मान हलवली आणि तिच्या घरावरून जाणारा हमरस्ता टाळून, मागच्या वाटेने घर गाठलं.