दातबाईंचा प्रश्न

गल्लीत तिला सगळे कवळीताई म्हणत. म्हणजे तिचे स्वतःचे दात पडले होते असं नव्हे हं, एक दाढ सोडली तर सगळे शाबूत होते. ती कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. कारखाना कसला, दोन खोल्या आणि एक मोरी. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे साचे यायचे. एक जण त्यात प्लास्टर ओतायचा, दुसरा मेणात दात बसवायचा, आणि शेवटी ती गुलाबी हिरडी घासून गुळगुळीत करायचं काम हिच्याकडे. फिरत्या ब्रशाखाली कवळी धरायची, बोट फिरवून बघायची, पुन्हा धरायची. संध्याकाळपर्यंत भुवया पांढऱ्या व्हायच्या. मालक म्हणायचे, "ताई, गावाला हसू वाटता, एखादं घरी न्या की!" त्यावर ती हसायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

लग्न झालं नव्हतं. का झालं नाही यावर गल्लीने भरपूर डोकं चालवलंय, आपण कशाला चालवायचं? आई-वडील गेल्यावर हिने धाकट्या बहिणीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. धाकटीला पोरगी झाली, आणि पोरगी रांगायला लागायच्या आत नवरा-बायको दोघांना परदेशात नोकरी लागली. "ताई, वर्षभर सांभाळ गं. बस्तान बसलं की घेऊन जातो." वर्षाची चार वर्षं झाली. बस्तान म्हणजे काय, कुणाचं लवकर बसतं?

पोरगी घास गालात साठवून तासभर बसायची, म्हणून तिचं नाव पडलं खारूताई, पुढे नुसतीच खारू. "खारू, गिळ!" हे त्या घरातलं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं वाक्य असेल. खारू कवळीताईला आई म्हणायची. तसं कुणी शिकवलं नव्हतं. जी भरवते तिला काय म्हणायचं, हे पोरांना शिकवावं लागत नाही. आणि फोनवर जिचा चेहरा दिसायचा तिला ती, घरात ऐकलं तसंच, धाकटी म्हणायची. "काय गं धाकटे, जेवलीस का?" सगळे खो खो हसायचे. धाकटीसुद्धा हसायची, पण मग फोन लवकर ठेवायची.

यंदा ती दोघं कायमची परत आली. मोठा फ्लॅट घेतला, खारूसाठी खोली रंगवली, आणि शहरातल्या नामांकित खाजगी शाळेत अर्ज भरला. प्रवेशाआधी मुलाखत होती, मुलीची वेगळी आणि आईबापांची वेगळी. ऑफिसातल्या कुणीतरी धाकटीला सांगितलं होतं, की एका पोराला तिथे 'तुझी आई कोण' म्हणून विचारलं, तर त्याने सांभाळणाऱ्या बाईचं नाव सांगितलं, आणि त्याची फाइल तिथेच मिटली. खरं-खोटं देव जाणे. पण धाकटीची झोप उडाली.

"ताई, तिथे तिने मला 'काय गं धाकटे' म्हटलं तर?" घोडं इथे अडलं होतं. "माझं ऐकत नाही ती. तूच शिकव ना."

"आणि शाळा सुरू झाल्यावर?"

"मग आमच्याकडेच राहील. बस तिकडूनच आहे ना." धाकटी खाली बघत म्हणाली.

आता याला नाही कसं म्हणणार? पोरगी धाकटीची. ज्याचं त्याला देताना तोंड वाकडं करणारी बाई ती नव्हती. "शिकवते," ती म्हणाली, भांडी घासून ठेवते म्हणावं तसं. म्हणाली आणि थांबून पाहिलं, आत काही होतंय का. काहीच नाही. दाढ काढली त्या दिवशी असंच झालं होतं. इंजेक्शनने अर्धं तोंड बधिर, आणि ही बया तशीच जेवायला बसलेली. स्वतःचाच गाल चावत होती, आणि चूळ भरली तेव्हा कुठे रक्त दिसलं.

कारखान्यात एक नापास कवळी पडून होती. ती मागून तिने घरी आणली, वरचे आणि खालचे दात दोन हातांत धरले, कटकट वाजवले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी दातबाई! शाळेची मोठी बाई! तुझं नाव काय?" खारू हसून हसून जमिनीवर लोळली. मग उठून तिने नाव सांगितलं.

"मोठ्याने! मान वर करून!" दातबाई म्हणाल्या.

नियम पहिल्याच दिवशी ठरला. गंमत अशी की, धाकटीला म्हणायचं आई आणि आईला म्हणायचं मावशी.

"दातबाई नसतील तेव्हा पण?"

"तेव्हा पण. नाहीतर सवय मोडते."

"कधीपर्यंत?"

कवळीताईने हातातले दात खाली ठेवले. खरं सांगायला जीभच वळली नाही, आणि जे तोंडाला आलं ते बोलून गेली. "शाळेत घेईपर्यंत."

"एवढंच ना!" खारू म्हणाली. हसावं की रडावं, अशी वेळ खरी. हिने दोन्ही केलं नाही.

रोज कामावरून आल्यावर तालीम. गोष्ट कोण सांगतं? आई. नखं कोण कापतं? आई. ताप आला तर कोण जागतं? आई. उत्तरं सगळी जुनीच होती, एक शब्दही बदलावा लागला नाही. फक्त प्रत्येक वेळी भिंतीवरच्या धाकटीच्या फोटोकडे बोट करायचं होतं. "आणि ही कोण?" "ही माझी मावशी. ती कधी कधी आमच्याकडे येते." हे वाक्य कवळीताईनेच रचलं होतं. चांगलं सुटसुटीत झालं होतं.

चुकायची ती स्वतःच. "ये इकडे, आई वेणी घालते," असं सवयीने तोंडातून निघायचं, की खारू टाळी वाजवून ओरडायची, "चुकलीस! चुकलीस! मावशी वेणी घालते!" मग हिने कान पकडायचे आणि वाक्य पुन्हा म्हणायचं.

मुलाखत आईबापांचीही होती, म्हणून रविवारी धाकटीचा क्लास. ती ओट्याला टेकून विचारायची, पोर दचकते कशाला, झोपताना काय लागतं, कोणत्या गोष्टीला हसते. "मिक्सरला दचकते. झोपताना तुझ्या कानाची पाळी धरते. म्हणजे, धरेल." धाकटी ओठ हलवून पाठ करायची. एकदा पाठ करता करताच तिला रडू कोसळलं. "ताई, मला माझ्याच पोरीचा अभ्यास करावा लागतोय गं." कवळीताईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. धाकटीचा राग यायला हवा होता, नाहीतर दया तरी. काहीच येत नव्हतं. ओट्यावर पाणी सांडलं होतं, ते तिने पुसून घेतलं.

कारखान्यात हे सगळं कळल्यावर मालक उत्साहाने म्हणाले, "अहो, उगाच का म्हणतात, माय मरो पण मावशी जगो!" म्हणाले आणि जीभ चावली. कवळीताईने मोटर चालू केली. त्या आवाजात माणसाला काही ऐकू येत नाही, ही त्या यंत्राची मोठी सोय.

मुलाखतीच्या दिवशी ती मुद्दाम कामावर गेली. दुपारी धाकटीचा फोन आला, आनंदाने नुसता फुटलेला. "ताई, पोपटासारखी बोलली गं! मोठ्या बाईंनी विचारलं, गोष्ट कोण सांगतं, तर माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, ही माझी आई सांगते! मान वर करून!"

"मोठ्याने म्हणाली ना?"

"चांगलं मोठ्याने!"

"मग झालं," असं म्हणून कवळीताईने फोन ठेवला आणि अर्धी राहिलेली कवळी पुन्हा ब्रशाखाली धरली. ती त्या दिवशी नको तेवढी घासली गेली. हिरडी पातळ झाली, मालकांना दुसरी करावी लागली. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

प्रवेश मिळाल्याचं कळलं तेव्हा धाकटीने सगळ्यांना नव्या फ्लॅटवर बोलावलं. सगळे म्हणजे कोण, ती, नवरा, खारू आणि कवळीताई. टेबलावर केक होता. मेव्हण्यांनी हिच्या बशीत सगळ्यात मोठा तुकडा ठेवला आणि म्हणाले, "ताई, हे सगळं तुमच्यामुळे." हिने एक घास घेतला. तेवढ्यात खारू धावत आली आणि तिच्या गुडघ्यांना धरून उभी राहिली.

"घेतलं ना शाळेत?"

"घेतलं की."

"मग संपली ना गंमत? आता तुला आई म्हणू?"

धाकटीच्या हातात सुरी तशीच राहिली. ती ताईकडे बघत होती, लहानपणी काही फोडल्यावर बघायची तशी, ओरडू नकोस म्हणून. कवळीताईने घास गालात सरकवला.

"शाळा दहावीपर्यंत असते, बाळा."

"म्हणजे दहावीपर्यंत मावशी?"

"हो. आई सांगते ना—"

"चुकलीस!" खारू ओरडली. पळत जाऊन तिने आपल्या खोलीत आधीच येऊन पडलेल्या सामानातून दातबाई आणल्या, दोन चिमुकल्या हातांत धरून कटकट वाजवल्या आणि घोगरा आवाज काढला, "तू हिची कोण?"

"मावशी."

"मोठ्याने! मान वर करून!"

कवळीताईने मान वर केली. "मी हिची मावशी. मी कधी कधी हिच्याकडे येते."

"शाब्बास!" दातबाई म्हणाल्या.

आणि मग दुखलं. एवढे दिवस जे कुठेच नव्हतं ते सगळं एका जागी आलं आणि दुखलं, इतकं की तिला जबडा हलवता येईना. केकचा घास गालात तसाच होता. मेव्हणे काहीतरी विचारत होते, धाकटीने पाण्याचा पेला पुढे केला होता.

खारूने तिच्या फुगलेल्या गालावर बोट ठेवलं.

"मावशी," ती म्हणाली, "गिळ."