एकवीस नंबरच्या फाटकावरचे ठिपके

मावशींचं खरं नाव त्या गल्लीत कुणाला ठाऊक असेल, तर ते फक्त पोस्टमनला. बाकी सगळ्यांच्या त्या मावशी. ज्यांना त्यांनी मांडीवर घेऊन भरवलं होतं ती पोरं आता मिशा घेऊन फिरत होती आणि तरी मावशीच म्हणत होती. एकवीस नंबरच्या घराच्या तळमजल्यावर त्या बावीस वर्षं पाळणाघर चालवत होत्या. दोन खोल्या, मागे न्हाणीघर, पुढे फाटक. फाटकाला आतून दोन कड्या, एक खाली आणि एक वर, म्हणजे एखादं पोरगं हुशार निघालं तरी वरच्या कडीशी त्याची हुशारी संपावी. भिंतीवर खाली, मुलांचा हात पोचेल अशा चौदा खुंट्या आणि प्रत्येकीवर एकेक प्राणी रंगवलेला. वाचता येत नसलं तरी आपला हत्ती कुठला आणि आपलं कासव कुठलं, हे दोन वर्षांच्या मुलालाही बरोबर कळायचं. खुंटी कधी रिकामी राहत नसे. नव्या मुलाला वाट पाहावी लागे, आणि मावशींना त्याचा थोडा ताठाही होता, तो कशाला लपवा.

तर अशा घरातून एका सोमवारी हत्ती आणि ससा गेले. दोघांच्याही आयांनी फोनवर एकच कारण सांगितलं, सांभाळायला आजी येते आहे म्हणून. दोन घरांत एकाच दिवशी दोन आज्या उगवल्या म्हटल्यावर मावशींच्या मनात पाल चुकचुकली. बुधवारी मांजरही गेलं. मांजराच्या बापाला मात्र धड खोटं बोलता येत नव्हतं. जरा वेळ चुळबुळ करून त्याने आपला फोनच मावशींपुढे धरला.

पोलिसांनी लोकांच्या माहितीसाठी इंटरनेटवर गुन्ह्यांचा नकाशा सुरू केला होता. आपल्या भागात काय घडलं आणि पोलिसांनी त्याचं काय केलं, हे प्रत्येकाने घरबसल्या पाहावं. कल्पना चांगली, नाही म्हणायला जागा नाही. पण त्या नकाशावर सगळी गल्ली धुतल्या तांदळासारखी, आणि मावशींच्या फाटकावर मात्र एकावर एक लाल ठिपके. सहा महिन्यांत सतरा. मोटारसायकल चोरी, घरफोडी, मारहाण, धमकी.

"तुमच्यावर शंका नाही हो, मावशी," तो म्हणाला, "पण पोरगी लहान आहे."

मावशींचे यजमान, ज्यांना सगळे काका म्हणत, विजेच्या मीटरचे आकडे घेण्याच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. त्यांनी नकाशा पाहिला आणि आपल्या फाटकाला गोवर आलाय असं जाहीर केलं. एरवी मावशी हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि तडक पोलीस ठाणं गाठलं.

ठाण्यात तीन नंबरच्या खिडकीवर एक चष्मेवाली बसायची. नकाशाचं काम तिच्याकडे होतं. बोलायला गोड, पण तिच्या हातात काही नव्हतं. नकाशातली चूक दुरुस्त करा असं नुसतं तोंडी सांगून चालत नाही, नोंद व्हायला हवी, असं तिने समजावलं. नोंदीच्या यादीत चोरी होती, मारहाण होती, फसवणूक होती, 'नकाशा चुकला' असं कुठेच नव्हतं. म्हणून तिने 'इतर तक्रार' निवडलं आणि पत्त्यात एकवीस नंबर घातला. मावशींनी तिचे आभारसुद्धा मानले. सोमवारी नकाशा ताजा झाला तेव्हा फाटकावर अठरावा ठिपका होता. इतर तक्रार.

मावशी पुन्हा गेल्या. अठरावा ठिपका काढायचा तर त्यासाठी अर्ज द्यावा लागेल, आणि अर्जाची नोंद होईल, असं चष्मेवाली म्हणाली. हे सांगताना तिचाच चेहरा पडला होता, पण नियम म्हणजे नियम. पुढच्या सोमवारी एकोणिसावा आला.

"मी डाग धुवायला येते," मावशी तिला खिडकीवरच म्हणाल्या होत्या, "आणि तुम्ही त्यावर नवा पाडता."

एव्हाना चौदा खुंट्यांपैकी सहा भरलेल्या उरल्या होत्या. मावशींची चिडचिड घरभर झाली. कपबशा आपटल्या जाऊ लागल्या, काकांना तीच गोष्ट तीनदा ऐकावी लागली, आणि दूध उतू गेलं तरी दोष ठाण्यालाच. बावीस वर्षांत एखाद्या पोराचं ढोपर फुटलं तर संध्याकाळी आईला स्वतःहून सांगणारी ही बाई. आता तिच्या दारात सतरा गुन्हे झाले असं सरकारी शिक्क्यानिशी जगाला दिसत होतं, आणि ते खोटं आहे हे सांगायला जावं तर त्याचाही गुन्हा होत होता. कुणाचंही डोकं फिरेल.

कोडं सोडवलं काकांनी. चार नंबरवाल्याची मोटारसायकल त्याच्याच दारातून गेली होती, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मग ती नकाशावर आपल्या फाटकाशी कशी आली? तीस वर्षं दारोदार मीटर पाहिलेला माणूस, त्याला गल्ली तोंडपाठ.

"एक ते एक्केचाळीस," ते म्हणाले. "आपण एकवीस. वीस घरं अलीकडे, वीस पलीकडे. अगं, आपण बरोबर मधोमध आहोत. सगळ्या गल्लीचं खापर मधल्या घरावर फुटतंय."

हा शोध घेऊन मावशी तिसऱ्यांदा खिडकीवर गेल्या. चष्मेवालीने मान डोलावली. नकाशा चुकलेला नाही, असाच नियम आहे, म्हणाली. कुठल्याही गुन्ह्याचं नेमकं घर दाखवायचं नाही, ठिपका गल्लीच्या मध्यावर टाकायचा. असला आंधळा नियम कुणी केला, असं मावशींनी चांगलाच आवाज चढवून विचारलं. चष्मेवाली उठली, कपाटातून एक फाईल काढून तिने पान उघडलं आणि ते खिडकीतून बाहेर सरकवलं. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या हॉलमध्ये रहिवाशांची सभा झाली होती, तिचं ते टिपण. त्यात लिहिलं होतं की एकवीस नंबरच्या रहिवासी महिलेने आग्रह धरल्यावरून नेमकं घर न दाखवण्याचं ठरलं.

मावशींना सगळं आठवलं. मोठ्या पडद्यावर ठाण्याचे साहेब नकाशा दाखवत होते, प्रत्येक गुन्हा ज्याच्या त्याच्या घरावर. मावशी मागच्या रांगेतून उठल्या होत्या. एखादीला घरात मार पडत असेल तर तिचं घर असं चव्हाट्यावर मांडणार का, आणि मग ती तक्रार करायला कशाला येईल, असं त्यांनी साहेबांना तोंडावर विचारलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नियम झाला. गल्लीच्या मध्यावर कोण राहतं हे विचारायचं तेवढं कुणाला सुचलं नाही, आणि उठून बोलणारीला तर मुळीच नाही.

चष्मेवालीला त्यांची दया आली असावी. तिने एक कागद पुढे केला. ज्याला नियमाचा त्रास होतो त्याने लेखी मागितलं, तर त्या गल्लीपुरता नियम उठतो आणि ठिपके आपापल्या घरी जातात. फक्त सही हवी, आणि या अर्जाचा ठिपका पडत नाही. मावशींनी पेन हातात घेतलं. जिवात जीव आला त्यांच्या.

"करा सही," चष्मेवाली म्हणाली. "सतरातल्या सहा नोंदी तर एकाच घरच्या आहेत. एक बाई येते, नुसती लिहून ठेवा म्हणते, घरी कुणी येऊ नका, त्याला कळता कामा नये." एवढं बोलून तिने फाईल मिटली. हे बोलायला नको होतं, असं पुटपुटली.

मावशींनी घर विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. कासवाची आई. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे कपडे घालणारी. सहा महिन्यांत ती मुलीला न्यायला पाच-सहा वेळा तास तास उशिरा आली होती. कामात अडकले, म्हणायची. शेवटच्या वेळी तर मावशींनी तिला चार शब्द सुनावले होते. तुम्हा लोकांना घड्याळ कळत नाही का, म्हणून. ती कुठून येत होती ते आता कळलं. मावशींना स्वतःची लाज वाटली आणि त्या लाजेचाही राग आला. त्यांनी पेन ठेवलं, कागदाची घडी घातली आणि निघाल्या.

घरी काकांना एवढंच सांगितलं की नियम बदलत नाही. काकांनी का विचारलं तर त्यांच्यावरच ओरडल्या.

संध्याकाळी कासवाची आई आली, वेळेवर. मुलीला कडेवर घेतलं, पिशवी उचलली, पण फाटकाकडे वळेना. मग हळूच म्हणाली, की उद्यापासून मुलगी येणार नाही. हिच्या बाबांनी नकाशा पाहिला. ज्या दारात एवढी मारहाण होते तिथे माझी मुलगी ठेवायची नाही, म्हणाले.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाच्या हाताने झालेल्या सहा गोष्टी त्यांच्या फाटकावर, आणि तोच त्यांच्यावर नाक मुरडणार. तोंडावर आलेले शब्द त्यांनी महत्प्रयासाने गिळले.

"ते सहा माझे आहेत, मावशी," ती म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "आज मला कळलं, ते तुमच्या दारावर पडतात. तुमचं पाळणाघर बुडवलं मी. आता नाही जाणार मी तिकडे."

"जायचं," मावशी म्हणाल्या.

तिने मान वर केली.

"हात उचलला की जायचं. दर वेळी. माझं फाटक लोखंडी आहे, त्याला काही होत नाही. आणि ज्या दिवशी सहन होणार नाही त्या दिवशी पोरीला घेऊन इथे यायचं. पिशवी इथेच ठेव. ती खुंटी मी कुणाला देणार नाही."

तिने पिशवी खुंटीला अडकवली आणि मुलीला घेऊन गेली. मावशींनी दोन्ही कड्या लावल्या. मग वरची परत काढून ठेवली, खालची तर बाहेरून हात घालूनही निघते.

दोन सोमवार नकाशा तसाच राहिला. तिसऱ्या सोमवारी काकांनी चष्मा चढवून ठिपके मोजले आणि कपाळाला हात लावला, वीस झाले म्हणाले. आता तू कुठला अर्ज दिलास, असं त्यांनी विचारलं. मावशी खुंट्या पुसत होत्या. पाचच भरलेल्या होत्या, सहावीवर नुसती पिशवी.

"तो माझा नाही," त्या म्हणाल्या. "राहू दे तिथे."