मी फक्त फडकं मारत होते

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, बहिणीला नाही, देवाला तर मुळीच नाही — त्याच्यासमोर बसले की मी पोथी भराभर वाचून काढते, मधे बोलायला जागाच ठेवत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण परवा मला असा संताप आला, असा संताप आला, की तव्यावरची पोळी जळून काळी झाली तरी वास आला नाही.

आधी परवाचं सांगते, बाकीचं सांगायला थोडी हिंमत लागेल. आमचे वसंतभाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, रेल्वेतून निवृत्त झालेले, आता आमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या — पारा म्हणजे इकडे मोहल्ला — प्रत्येक ओट्यावर बसून मत देणं हीच नोकरी. ते नवी कोरी बॅटरीची स्कूटर घेऊन दारात आले. हँडलला झेंडूचा हार, हातात पेढे.

"पाहा वहिनी! आवाज नाही, धूर नाही, पेट्रोलची झंझट नाही!"

मी पाहतच राहिले. हाच माणूस न? तीन वर्षांपूर्वी पाराभर फिरून सांगत होता की बॅटरी म्हणजे बॉम्ब आहे बॉम्ब, मांडीखाली बॉम्ब घेऊन कोण फिरन? मी म्हटलं, "भाऊजी, बॉम्ब होता न हा?"

तर हसून म्हणतात, "अवो, ही कंपनीची आहे. ते तर बीरगांवच्या शेडातलं होतं."

बीरगांवच्या शेडातलं! ते म्हणजे माझ्या सुनेचं काम. मी पेढा हातात धरून उभी, आणि मनात म्हणून राहिले — अरे, मग तुला शंका बिजलीची नव्हतीच कधी. शंका त्या पोट्टीची होती. बाई आहे, छत्तीसगढी आहे, आयटीआय शिकलेली आहे, टिनाच्या शेडात पाना घेऊन बसते — ही शंका होती तुझी. आणि तुम्ही सगळ्यांनी त्या शंकेला बॅटरीचं नाव दिलं.

असं सगळं मनात बोलले. तोंडानं काय केलं? पेढा खाल्ला.

काहून खाल्ला, ते आता सांगते. रागवायचा हक्कच नव्हता मला. तो मी तीन वर्षांपूर्वी विकून बसले होते.

माझी सून खिलेश्वरी. आम्ही खिलू म्हणतो. बीरगांवची. माझ्या मुलानं, प्रकाशनं, स्वतः पसंत केलेली. तो उरला भागातल्या कारखान्यात, तीही आधी तिथेच बिजलीच्या कामावर होती, तिथेच जुळलं. मी तेव्हा नाक मुरडलं होतं, खोटं काहून सांगू? पण पोट्टी अशी, की नाक फार दिवस मुरडलेलं ठेवता येत नाही. मराठी समजते सगळं, उत्तर हिंदीत देते, चिडली की छत्तीसगढीत.

तिनं बीरगांवात शेड घेतलं होतं. लोकांच्या जुन्या मोटरसायकली — बापाच्या, आजोबाच्या, अंगणात गंजत पडलेल्या — ती घ्यायची, इंजिन काढायची, त्या जागी बॅटरीचा डबा, मागच्या चाकात मोटर. बाहेरून गाडी तीच, रंग तोच. आरटीओचे कागदही सगळे रीतसर. मनापासून करायची. एखाद्याचा बाप गेलेला असला तर सीट बदलायची नाही, उसवलेली शिवण तेवढी शिवायची.

आमच्या ह्यांची फटफटीही तिनंच केली. हे गेल्यावर ती ओसरीत कव्हर घालून उभी होती, मी रोज फडकं मारायची. खिलूनं आधी मला विचारलं. मी "करा काय करायचं ते" म्हटलं — ज्याला आपण बायका होकार म्हणत नाही, पण समोरच्याला होकारच समजावा लागतो. तिनं इंजिन तेल लावून, पोत्यात गुंडाळून माझ्याच तख्ताखाली ठेवलं. म्हणाली, "मम्मी, जब बोलोगे, वापस लगा दूँगी।" टाकीवर ह्यांच्या अंगठीचा एक ओरखडा होता. पेंटर त्यावर रंग मारायला निघाला तर त्याच्यावर खेकसली, "उसको हाथ मत लगाना, वो पापाजी का है।"

आणि मी काय केलं? गाडी दारात आली, पारा गोळा झाला, ती चालवून दाखवू लागली, पोट्टीचा चेहरा असा उजळलेला — आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ही काय फटफटी आहे? हा तर मिक्सर आहे." सगळे हसले. भाऊजी सगळ्यात मोठ्यानं. तीही हसली. पण नंतर गाडी ओसरीत लावताना तिचा हात टाकीवर थोडा जास्तच वेळ राहिला, ते मी पाहिलं.

हाही कबुलीजबाबच आहे. पण हा लहान. मोठ्याकडे जायला पाय मागे घेऊन राहिले मी, कळतंय न तुम्हाला?

तर ऐका. मी आयुष्यभर त्या फटफटीवर मागे बसले. एका अंगानं, पदर खोचून, एक हात ह्यांच्या खांद्यावर. चालवायची इच्छा होती. होती म्हणजे फार होती. एकदा म्हटलं तर हे म्हणाले, "तुले पेलणार आहे का ती?" विषय संपला. किक मारायच्या आधी हे ॲक्सिलरेटर दोनदा रिकामा पिळायचे, घुर्रर्र आवाज यायच्या आधी. मागून मला त्यांचं मनगट दिसायचं. दोनदा पीळ, मग किक. माझ्यासाठी गाडी चालवणं म्हणजे तेवढंच होतं — ते मनगट.

आणि आता गाडीला किक नाही, क्लच नाही, गिअर नाही. खिलूनं मला समजावलं होतं. "मम्मी, चाबी घुमाओ, हरी बत्ती जली तो गाड़ी चालू। फिर एक्सीलेटर का कान घुमाओ, बस। आप बैठो तो सही, मैं सिखा देती हूँ।" मी म्हटलं, "माझं वय पाहते का?" आणि दिव्याकडे मात्र नीट पाहून घेतलं.

दुपार होती. प्रकाश कारखान्यात, खिलू शेडात, गल्लीत कुत्रंही नाही. मी फडकं घेऊन ओसरीत गेले — आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची चाबीही घेऊन गेले. ऐकलंत न? चाबी घेऊन. फडकं मारायला चाबी लागते का?

गाडी स्टँडवरून काढली. बसले. एका अंगानं नाही, दोन्हीकडे पाय टाकून. चाबी फिरवली. आवाज आला नाही. दिवा लागला, हिरवा, तो मला दिसला. पण माझा कान म्हणत होता, बंद आहे. इतकी वर्षं गाडी कानानं ऐकलेली बाई मी. मी कानाचं ऐकलं — की ऐकायचं ठरवलं? ते आजही मला नक्की सांगता येत नाही. मी ह्यांच्यासारखं मनगट फिरवलं. एकदा. दोनदा.

गाडी सुटली. ओसरीतून खाली, गल्लीत, सरळ समोरच्या ओट्याकडे. आणि सांगू का — त्या दहा-बारा हातांच्या अंतरात मी ओरडले नाही. मी हसत होते. मी गाडी चालवत होते, बाप्पा! मग ओटा आला.

उजवं मनगट मोडलं. आवाज मला ऐकू आला, काडी मोडावी तसा. आणि आता खरी गोष्ट, जिच्यासाठी एवढा घोळ घातला. मी पडल्यावर आधी ओरडले नाही. आधी डाव्या हातानं चाबी काढली. चोळीत खुपसली. मग ओरडले.

लोक धावले. भाऊजी पहिले. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "आपोआप सुटली न वहिनी? मी सांगून राहिलो होतो न!" उत्तर माझ्या हातात आयतं ठेवलं त्यांनी. पण घेतलं मी. म्हटलं, "हो न. मी फक्त फडकं मारत होते."

लुगडं बदलायच्या निमित्तानं घरात गेले आणि चाबी खिळ्यावर टांगली. दवाखान्यात नंतर गेले.

काहून? हसतील म्हणून. म्हातारी विधवा बाई नवऱ्याच्या फटफटीवर पाय टाकून बसली, आणि पडली — पारा वर्षभर हसला असता. ज्या गाडीला मिक्सर म्हटलं तिच्यावरच चोरून बसली म्हणून अजून हसला असता. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

आणि लोकांनी किती पटकन मानलं! कोणी एकानं तरी विचारावं, की स्टँडवरची गाडी सुटली कशी? नाही. सगळ्यांना हेच ऐकायचं होतं. दर वेळी सांगताना मीही थोडं वाढवलं — फडकं हँडलात अडकलं, मला ओढत नेलं.

विचारलं ते फक्त एकीनं. खिलू बीरगांवहून धावत आली, हात ग्रीसनं काळे. माझं प्लास्टर पाहून रडली. मग स्वयंपाकघरात जाऊन खिळ्याकडे पाहून आली आणि माझ्या उशाशी बसून, अगदी हळू, छत्तीसगढीत विचारलं, "मम्मी, चाबी लगे रिहिस का?" चाबी लागलेली होती का, म्हणून.

मी म्हटलं, "नाही."

तिनं पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या हातावरचा काढून घेतला. गाडीची प्रत्येक तार सोडून पाहिली, पुन्हा जोडली, पुन्हा सोडली. जो दोष नव्हता, तो ती शोधत राहिली. दिवसा लोक यायचे, ज्यांनी गाड्या नेल्या होत्या ते. इंजिन परत बसवून दे म्हणायचे. भाऊजींनी कोणाला सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. तिनं एकेकाला बसवून दिलं. स्वतःच्या हातानं केलेलं स्वतःच्या हातानं उपसलं. मग शेड सोडलं. कोणी विचारलं तर भाऊजींचं नाव घेत नाही, गिऱ्हाइकांचं नाही. म्हणते, "मेरे काम से मम्मी का हाथ टूटा, बस।"

आणि प्लास्टर होतं तोवर माझी वेणी तिनंच घातली. घास तिनंच भरवला. मी खाल्ला. पेढा कसा खाल्ला विचारता? सवय होती मला.

आता ती परत उरल्यालाच जाते, शिफ्टमध्ये. चांगलं काम करते म्हणतात. पण घरात मिक्सर लावायच्या आधी ती प्लग काढून पाहते, मग लावते, मग पुन्हा काढून पाहते. मी रोज पाहते. ज्या पोट्टीनं रस्त्यावर गाड्या धाववल्या, तिला चटणी वाटायला भीती वाटते. हे बॅटरीनं केलं का? भाऊजींनी केलं का? भाऊजी तर नुसतं बोलले. बोलायला खोटं मी पुरवलं. ज्यांनी तिला नाकारलं त्यांच्यावर आजही माझं डोकं तापतं, आणि तापलं की कळतं — त्या सगळ्यांच्या पुढे उभी मीच होते, मोडका हात वर करून.

ह्यांची फटफटी अजून ओसरीत आहे. कव्हर मी आज काढलं. फडकं मारलं नाही. खिळ्यावरची चाबी घेतली आणि गाडीला लावून ठेवली, त्या दिवशी होती तशीच. खिलूची शिफ्ट सुटली असेल. ती गल्लीत वळली की आधी ओसरीकडे पाहते. चाबी तिला दिसेल. शेड यानं परत येणार नाही. तिनं काय करायचं, ते तिचं.

ती विचारेल, किंवा विचारणार नाही. मी उत्तर देणार आहे.

हव, खिलू. चाबी लागलेली होती. गाडी मी चालवत होते.